होडीला भोकं

दहा दिवसांचं काम आहे असं मी हिला सांगितलं होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोट बाहेर काढायची, बूड धुवायचं, घासायचं, रंगाचे हात मारायचे, अ‍ॅनोड नावाचे धातूचे तुकडे बदलायचे आणि महिना संपायच्या आत परत पाण्यात. लागले ३१ दिवस. त्यात रंगाला चार, बाकीचे जवळजवळ सगळे दीड इंचाच्या एका भोकाने खाल्ले.

आमची बोट डेल्टाव्हिलला असते, व्हर्जिनियात, चेसापीक बेच्या काठावर, रिचमंडहून दीड तास. ३४ फुटी, १९८४ची, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि तब्येतीने साधारण तशीच. ट्रॅव्हल लिफ्ट म्हणजे चार चाकांवरचा उंच सांगाडा, तो धक्क्याच्या दोन भिंतींवरून पाण्यावर येतो, बोटीच्या पोटाखालून दोन पट्टे घालतात आणि सहा-सात टनांचा आपला ऐवज पाण्यातून सरळ वर, खालून धारा लागलेल्या, आणि मी दरवेळी दुसरीकडे बघत असतो. मग यार्डात नेऊन किलवर, म्हणजे बुडाच्या कण्यावर, उभी करतात आणि बाजूंनी जॅकस्टँड म्हणजे लोखंडी टेकू लावतात. समोरासमोरच्या दोन स्टँडना खालून साखळी असते, नाहीतर ते हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकतात. ती साखळी जागेवर आहे का हे मी रोज सकाळी चहाच्या आधी बघून येतो. हसा.

तर भोक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, असल्या बोटीला बुडाशी मुद्दाम पाडलेली भोकं असतात. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत घ्यायचं, सिंकचं बाहेर सोडायचं, संडासाला लागणारं आत, वगैरे. आमच्या बोटीला अशी आठ आहेत. प्रत्येकावर आतून एक व्हॉल्व्ह असतो, त्याला सीकॉक म्हणतात, आणि पाईप फुटला तर तो बंद करायचा एवढंच तुमच्या हातात असतं. दीड इंचाचं भोक पाण्याखाली दोन फुटांवर उघडं पडलं तर मिनिटाला दीडशे-दोनशे लिटर पाणी आत येतं, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी पाच ते सात मिनिटांत भरेल. हे मी बाबांना फोनवर सांगितलं. बाबा मालवणात. जन्म होड्या बघण्यात गेला. थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "अरे मेल्या, होडयेक भोकां कोण पाडता?"

त्यांचं बरोबर आहे. तिथे पावसाच्या आधी होडी किनाऱ्यावर ओढायची, झावळ्यांनी शाकारायची, नारळी पुनवेच्या आधी तेलपाणी करून परत खाली. सांधा गळला तर बुजवतात, पण मुद्दाम पाडलेलं भोक हा विषयच नाही.

सिंकचा सीकॉक घट्ट झाला होता. मी दांडा जरा जोरात ओढला आणि तो हातात आला. तुटलेल्या जागेवर बघतो तर पिवळं नाही, गुलाबी. पिकलेला पेरू कापल्यावर आत दिसतो तसा. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने व्हॉल्व्हच्या अंगावर ओरखडा काढला, तिथेही गुलाबी, आणि ओलसर भुसभुशीत, टोकाखाली चुरा निघत होता. म्हणजे ते खाऱ्या पाण्यात टिकणारं ब्रॉन्झ (कांसं) नव्हतंच, पितळ होतं. पितळेत तांबं आणि जस्त असतं, खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याची पोकळ जाळी राहते, आकार तोच, ताकद शून्य. गंमत अशी की अ‍ॅनोड आपण मुद्दाम झिजण्यासाठीच लावतो, त्याने स्वतः झिजायचं आणि बाकीच्या धातूला वाचवायचं, आणि इथे आधीच्या कुठल्यातरी मालकाने घरच्या नळाला लावतात तसला व्हॉल्व्ह बुडाला लावून बोट बुडवायचीच सोय केली होती. वर आटेही जुळत नव्हते. बुडातून येणाऱ्या फिटिंगचे आटे सरळ असतात आणि घरगुती व्हॉल्व्हचे निमुळते, दोन-तीन वेढ्यांत बसल्यासारखं वाटतं आणि अडकतं. इथे बोटींसाठी जे मानक पाळतात त्यात असं आहे की बसवलेल्या सीकॉकने ५०० पौंडांचा भार ३० सेकंद झेलला पाहिजे. याच्यावर मागच्या वर्षी मी पाय देऊन उभा राहिलो होतो, मागची वायर बघायला.

शेजारच्या बोटीवर एक म्हातारा एकटाच राहतो. त्याला दाखवलं. त्याने गुलाबी चुरा बोटांत चोळला, काही न बोलता शिडी उतरून गेला आणि आपला ग्राइंडर घेऊन आला.

बाहेरून फिटिंगची कड कापायची आणि उरलेला तुकडा आतून ठोकायचा, ऐकायला अर्धा तास, लागले दोन दिवस, कारण कोणीतरी तो कायमच्या चिकटणाऱ्या सीलंटने बसवला होता, आणि कायमचा म्हणजे खरंच कायमचा. नशिबाने त्या जागी बूड भरीव फायबरग्लासचं निघालं. आत बाल्साचं लाकूड असतं आणि ते भिजलेलं असतं तर हा ब्लॉग मी पुढच्या एप्रिलमध्ये लिहिला असता. मग आतून जाड फायबरग्लासची चकती इपॉक्सीने चिकटवायची, आणि नेमकी थंडी परत आली. आमची इपॉक्सी दहा डिग्रीच्या खाली नीट धरत नाही आणि रात्री पारा सहावर. दोन रात्री सिंकखालच्या कपाटात जुना पिवळा बल्ब लटकवून, वर घोंगडी पांघरून, अंडी उबवल्यासारखा बसलो. सकाळी वर मेणचट थर आलेला असतो, तो आधी साध्या पाण्याने धुवायचा, तसाच घासला तर थर आतच दाबला जातो आणि पुढचं काही चिकटत नाही. हे मला मागच्या खेपेला कळलं.

आणि एक गुलाबी निघाल्यावर बाकीचे ओरखडून न बघण्याची हिंमत कोणाची? आठपैकी चार गुलाबी.

यार्डात राहणं हा वेगळाच संसार. बोट उभी असताना सिंकमध्ये पाणी ओतलं तर ते खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर, म्हणून सगळं बादलीत. रात्री संडासाला जायचं तर दहा फूट शिडी उतरा. पाइनचे पराग उडतात त्या दिवसांत, सकाळी डेकवर हळद सांडल्यासारखं पिवळं, आणि ही दोन वीकेंड जीव ओतून हँडरेलला वार्निश लावत होती, त्याच्यावर नेमकं तेच येऊन बसलं. काय बोलली ते लिहीत नाही. ऑस्प्रे मात्र मजेत, शेजारच्या डोलकाठीवर काड्या आणून टाकत होते. हे पक्षी आपल्याकडे कोकणातही हिवाळ्यात येतात, मासे मारताना बघितलेत मी लहानपणी, नाव तेव्हा माहीत नव्हतं.

रंगाचं लवकर आटोपतो. जुना थर व्हॅक्यूम जोडलेल्या सँडरनेच घासायचा, कारण बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून या रंगात तांबं असतं. मास्क लावूनही रुमाल निळा होतो. पहिला हात लाल, वरचे दोन निळे, म्हणजे दोन वर्षांनी कुठे लाल दिसायला लागलं की कळतं तिथला निळा संपला. स्टँडच्या गाद्यांखालची जागा राहते, ती शेवटच्या दिवशी बोट पट्ट्यांवर लटकलेली असताना मारायची.

पाण्यात सोडताना लिफ्टवाल्याला सांगितलं की पट्टे सैल करू नकोस, मी आत बघून येतो. टॉर्च घेऊन आठही सीकॉकभोवती टिश्यू पेपर फिरवला, आठही कोरडे. फक्त मागे, प्रोपेलरचा शाफ्ट जिथून बाहेर जातो त्या ग्लँडमधून टप टप. इंजिन चालू केलं, गिअरमध्ये टाकलं, घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला चार थेंब. नट पाव फेरा आवळला. दोन.

संध्याकाळी बाबांचा फोन.

"पाणी येताहा काय रे?"

"येतंय बाबा, मिनिटाला दोन थेंब. शाफ्ट फिरत असताना तेवढं यायलाच लागतं, नाहीतर तो तापतो."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आईला हाक मारून सांगताना ऐकू आलं, "ह्येना आता नववा भोक काढल्यान."