कळसूबाई पन्नाशीत: तयारी चढण्याची नाही, उतरण्याची करा

पुण्यात डोंगर चढणाऱ्या माणसाला विचारला जाणारा प्रश्न ठरलेला आहे, "सिंहगड किती मिनिटांत चढता?" किती मिनिटांत उतरता, हे कोणी विचारत नाही. पंचेचाळीस ते साठ या वयातली आमची तळजाई टेकडीवर रोज फिरणारी मंडळी डिसेंबरात कळसूबाईला जाऊन आली. आमच्या मागून जाणाऱ्यांना मला सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे की, सराव उतरण्याचा करा. चढताना दम लागतो, पण दोन मिनिटं थांबलं की श्वास बसतो. उतरताना एकदा मांड्या थकल्या की त्या थांबूनही सावरत नाहीत, आणि नेमके त्याच वेळी तुम्ही घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खड्यांच्या निसरड्या उतारावर, किंवा शिडीवर असता.

निमित्त होतं डायलिसिसचं. आमच्यातल्या एका मैत्रिणीचे यजमान काही वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर वेळी साधारण चार तास मशीनवर. त्यांच्यासोबत बसून बसून तिची बाकीच्या घरांशी ओळख झाली. वेल्हे, भोर, मुळशीकडून येणाऱ्या कितीतरी जणांचा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होतो, पण गाडीभाडं, सोबतीला येणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज आणि दिवसभराचं बाहेरचं खाणं खिशातूनच जातं. भाडं परवडत नाही म्हणून डायलिसिसची एखादी फेरी चुकवणारेही तिने पाहिले. डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, धाप लागते, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडण्याचा धोका असतो. या प्रवासखर्चासाठी पैसे उभे करायचे असं ठरलं, आणि त्यासाठी राज्यातलं सर्वांत उंच शिखर निवडलं. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. मीटरमागे एक रुपया असा हिशेब मांडला, म्हणजे एका देणगीदाराचे १६४६ रुपये. ज्याला जास्त द्यायचे त्याने मीटरमागे दोन द्यावेत.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. देणगी शिखर गाठण्यावर अवलंबून ठेवू नका. "वर पोहोचलात तरच पैसे" असं म्हटलं की, ज्याने थांबायला हवं तो माणूस थांबत नाही. आपल्यामुळे कोणाचं तरी भाडं बुडेल या विचाराने तो छातीत कळ येत असतानाही पुढे रेटतो. आम्ही देणगीदारांना पहिल्याच निरोपात कळवलं होतं की पैसे आमच्या तयारीसाठी आणि प्रयत्नासाठी आहेत, कोण कुठपर्यंत जातं याच्याशी त्यांचा संबंध नाही. एकानेही हरकत घेतली नाही. पैसे थेट रुग्णांना भाडं देणाऱ्या संस्थेच्या खात्यात जमा करायला सांगा, कोणाच्याही वैयक्तिक खात्यात नकोत, मग तो मित्र कितीही विश्वासाचा असो. करसवलतीची पावती संस्थाच देऊ शकते. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

तयारी दिवाळीच्या बऱ्याच आधी, डॉक्टरांकडून सुरू झाली. रक्तदाब, साखर, ईसीजी आणि डॉक्टरांनी सांगितलं त्यांची ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट. चाळिशी ओलांडलेल्या कोणीही हा टप्पा गाळू नये, विशेषतः "मी रोज टेकडीवर जातो, मला काय होणार" असं म्हणणाऱ्यांनी. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्या दिवशी कधी आणि किती घ्यायच्या, हेही डॉक्टरांनाच विचारा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर भर उन्हात तासन्‌तास चालताना अंगातलं पाणी पटकन कमी होऊ शकतं. इन्सुलिन घेणाऱ्याच्या खिशात ग्लुकोज असायलाच हवं, आणि ते कोणत्या खिशात आहे हे बरोबरच्या दोघांना तरी माहीत हवं.

सराव पुण्यातल्या पुण्यात होतो. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या आहेत, रुंद आणि चढायला सोप्या. आम्ही तिथे पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन जायचो आणि उतरताना मुद्दाम सावकाश यायचो. एक पाय खालच्या पायरीवर टेकेपर्यंत मनात तीन आकडे मोजायचे. घरच्या जिन्यातही हे करता येतं. चढताना कोणालाच काही जाणवायचं नाही. पण या मोजून उतरण्याच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीला गुडघ्याच्या वरचा स्नायू थरथरायला लागायचा. तोच तर तयार करायचा असतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू गाडीच्या ब्रेकसारखं काम करतो, ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो. या कामाने त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून दुखणं त्याच दिवशी नव्हे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं. चांगली बाजू अशी की एकदा हे दुखणं सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला बराच सरावलेला राहतो. म्हणून शेवटची मोठी उतरण मुख्य मोहिमेच्या दहा ते पंधरा दिवस आधी करा. आदल्या आठवड्यात करू नका, आणि त्याआधी महिनाभर खंडही पडू देऊ नका.

खरी शाळा सिंहगडची. पायथ्याच्या आतकरवाडीतून वर साधारण सहाशे मीटरची चढण आहे. रविवारी पहाटेपासून अर्धं पुणं तिथे असतं. ताकवाल्या मावश्या, लिंबू सरबत, मीठ लावलेली काकडी, आणि वर देवटाक्याचं पाणी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. बरीच मंडळी पायी चढतात, वर भजी खातात आणि जीपने खाली येतात. आम्ही नियम केला की जीपला हात दाखवायचा नाही. आतकरवाडीच्या वाटेवर हजारो पावलांनी मुरूम मोकळा झालेला आहे. पावसाळा संपल्यावर तो वाळला की कातळावर बारीक खडे पसरल्यासारखे राहतात. त्या खड्यांवर टाच रोवून, गुडघा किंचित वाकवून, छोटी-छोटी पावलं टाकत उतरायला शिकायचं. पाय ताठ ठेवून लांब टांग टाकली की घसरलाच म्हणून समजा, आणि धक्का थेट गुडघ्यात बसतो. बाजूच्या झाडाझुडपांना धरत उतरायची सवय लागू देऊ नका, कळसूबाईच्या वरच्या टप्प्यात धरायला झुडूप नसतं.

ट्रेकिंगच्या काठ्यांबद्दल आमच्यातल्या काहींना संकोच वाटत होता, म्हातारपणाची खूण म्हणून. दोन उतरणींत तो गेला. काठ्या दोन हव्यात, आणि उतरताना त्यांची लांबी चढतानापेक्षा पाच ते दहा सेंटीमीटर जास्त ठेवायची. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून दुकानातल्या पायऱ्या उतरून बघा. अंगठा पुढे आपटत असेल तर तो बूट सोडून द्या, नाहीतर उतरताना नखं काळी पडणार. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापून घ्या.

नोव्हेंबरात तोरणा केला. उंची १४०३ मीटर, उतरण लांब, मोहिमेची तालीम म्हणून उत्तम. कात्रज ते सिंहगड ही रात्रीची चाल काहींनी सुचवली होती, ती मी नाकारली आणि आजही नाकारेन. अंधारात टेकड्यांमागून टेकड्या तुडवण्यात पन्नाशीच्या घोट्यांना धोका जास्त आणि फायदा कमी.

पुण्याहून बारी हे पायथ्याचं गाव गाडीने पाच-सहा तासांवर. नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरी घाट उतरून संगमनेर, तिथून अकोले, राजूर आणि बारी. चाकणची गर्दी टाळायची तर पुण्यातून सकाळी सहाच्या आत निघा. एसटीने जाणाऱ्यांनी संगमनेर किंवा अकोल्यापर्यंत जाऊन पुढची गाडी बघावी. पुण्यातून मध्यरात्री निघून पहाटे थेट चढायला लागायचं, हा तरुणांचा बेत आपण करू नये. आदल्या दिवशी दुपारपर्यंत बारीत पोहोचून तिथेच मुक्काम करा. गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. आम्हाला बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि गरम भात मिळाला. गावातलाच एक वाटाड्या घ्या. वाट चुकण्यासारखी नाही, पण सगळ्यात हळू चालणाऱ्यासोबत शेवटी चालणारा, वाट माहीत असलेला माणूस लागतोच.

पहाटे साडेपाचला डोक्याला बॅटऱ्या लावून निघालो. सुरुवातीला शेतं, मग खालचं देवीचं मंदिर. ज्यांना वर जाणं जमत नाही ते इथे दर्शन घेतात. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. ती अट मोडली तेव्हा ती घर सोडून डोंगरावर निघून गेली, अशी कथा गावात सांगतात. मंदिरानंतर चढण सुरू होते. खोदलेल्या पायऱ्या, कठडे, आणि मग लोखंडी शिड्या.

शिडीच्या पायथ्याशी काठ्या मिटून सॅकमध्ये टाका. मनगटाला लोंबकळत ठेवू नका, त्या पुढच्या पायरीत अडकतात. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस. डिसेंबरच्या पहाटे ते लोखंड इतकं गार असतं की बोटं बधिर होतात, पातळ हातमोजे न्या. उन्हाळ्यात तेच लोखंड तापतं. पायऱ्यांचा मधला भाग पावलांनी घासून गुळगुळीत झालाय, म्हणून पाऊल कडेला, उभ्या पट्टीजवळ टाका. उतरताना तोंड डोंगराकडे हवं. जिन्यासारखं पुढे बघत उतरायला जाणारे आम्ही पाहिले, त्यांचा तोल सॅकमुळे पुढे जात होता.

शेवटच्या चढाच्या अलीकडे सपाटी आहे, तिथे विहीर आहे. पोस्टातून निवृत्त झालेले आमच्यातले सगळ्यात मोठे सदस्य इथे थांबले. दुखत काही नव्हतं. पण बोलताना वाक्य पुरं होत नव्हतं, आणि आमचं ठरलं होतं की चालता चालता सलग दोन वाक्यं बोलता आली नाहीत तर थांबायचं. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. वाटाड्या म्हणाला, "काका, देवी काय पळून नाही जात. बसा इथं निवांत." एक मैत्रीण त्यांच्याजवळ बसली. कोणालाही एकटं सोडून वर जायचं नाही, हाही नियमच. त्यांचे पूर्ण १६४६ गुणिले जितके देणगीदार, तितके रुपये जमा झालेच.

शिखरावर छोटंसं देऊळ. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड आणि हरिश्चंद्रगडाकडच्या रांगा, पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एकाला एक लागून. सगळे गप्प बसले होते. मैत्रिणीने यजमानांना फोन लावायचा प्रयत्न केला. तो तेव्हा लागला नाही, ती खाली विहिरीपाशी आल्यावर लागला. दशम्या, लोणचं, राजगिऱ्याची चिक्की, संत्री खाऊन आम्ही लवकर उठलो. परतीची वेळ आधी ठरवून ठेवा. आमची अकराची होती. शिखर हाताच्या अंतरावर दिसत असलं तरी अकरा वाजता मागे फिरायचं.

उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला, आणि तो लागू द्यावा. पाणी माणशी तीन लिटर न्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा, अर्ध्या बाटलीत घट्ट करू नका. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, सोललेल्या संत्र्याची सालंसुद्धा पिशवीत भरून खाली आणा. नवरात्रात इथे मोठी यात्रा भरते, तेव्हा आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी शिड्यांवर रांगा लागतात. आपल्या वयाच्या गटाने ऑक्टोबर उजाडून नवरात्र संपल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत, जमल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, कारणाशिवाय गार घाम असं काही झालं तर तिथेच बसवा, चालवू नका, १०८ ला फोन लावा आणि वाटाड्याला गावात निरोप पाठवायला सांगा.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती नको, सपाटीवर अर्धा तास चाला. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना किती दुखतं ते लिहून ठेवा. आमच्यात ज्यांनी सिंहगड नेमाने पायी उतरला होता त्यांचं दुखणं बेताचं होतं, ज्यांचा सराव कामामुळे मधे तुटला त्यांना आठवडाभर कठडा धरावा लागला. देणगीदारांना आठवड्याच्या आत हिशेब पाठवा: किती जमले, संस्थेने किती रुग्णांच्या किती फेऱ्यांचं भाडं त्यातून देऊ केलं. पुढच्या वर्षी त्याच माणसांकडे जायचं असतं, आणि ते भाडं दर आठवड्याला लागतं.