गोवर्धनाखाली उभी असलेली माणसे

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मुघल चित्रशाळेतले एक पान आहे, ज्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळते. अकबराने कृष्णाची कथा सांगणाऱ्या ‘हरिवंश’ या ग्रंथाचे फारसी भाषांतर करवून घेतले होते, त्याच्या एका सचित्र प्रतीतले हे पान साधारण १५९० ते १५९५ या काळातले असून ते मिस्किन या चित्रकाराचे मानले जाते. इंद्राने कोसळवलेल्या पावसापासून ब्रजवासीयांना वाचवण्यासाठी कृष्णाने गोवर्धन उचलून धरला आहे. डोंगराचे खडक इराणी चित्रांच्या वळणाने, एकावर एक रचलेल्या रंगीत थरांसारखे काढले आहेत, तर सावळा, पीतवस्त्रधारी कृष्ण मात्र आपल्या ओळखीचाच आहे.

तरीही माझी नजर खिळते ती डोंगराखालच्या गर्दीवर. तिथे म्हातारी माणसे आहेत, लेकुरवाळ्या बाया आहेत, गुराखी आहेत आणि त्यांच्या गाईही आहेत. मुख्य म्हणजे त्या गर्दीतला प्रत्येक जण वेगळा माणूस वाटतो. देवाचे ऐश्वर्य आपल्या शिल्पकारांनी आणि चित्रकारांनी शतकानुशतके उत्तम दाखवले होते, पण त्या देवाच्या आश्रयाला आलेल्या साध्या माणसाला स्वतःचा चेहरा देणे, हे मला मुघल कुंचल्याचे भक्तिचित्रांना मिळालेले सर्वांत मोठे देणे वाटते.

हे अपघाताने घडलेले नाही. अकबराच्या चित्रशाळेत एकाच पानावर अनेकदा दोघे-तिघे काम करीत: एकाने रेखाटन करायचे, त्याला ‘तर्ह’ म्हणत, दुसऱ्याने रंग भरायचे, ते ‘अमल’, आणि काही पानांवर चेहऱ्यांसाठी तिसराच कसबी चित्रकार नेमलेला असे. शिवाय या चित्रकारांपैकी कित्येक जण हिंदू होते. महाभारताच्या फारसी भाषांतराचे, म्हणजे ‘रझ्मनामा’चे काम १५८२ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या शाही प्रतीत, जी आज जयपूरला आहे, दसवंत या चित्रकाराचा मोठा वाटा आहे. दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा होता आणि तो भिंतींवर चित्रे काढत असे, असे अबुल फझलने लिहून ठेवले आहे. ज्या कथा तो लहानपणापासून ऐकत आला असणार, त्याच त्याच्यासमोर बादशाही कागदावर रंगवायला आल्या. १५८४ मध्ये त्याने आत्महत्या केली, ही नोंद वाचताना आजही मन कळवळते.

जहांगीरच्या काळात तर पाहणाऱ्याची जागा खुद्द बादशहाने घेतली. उज्जैनच्या जदरूप गोसाव्याच्या भेटीचे, गोवर्धन या चित्रकाराचे मानले जाणारे चित्र पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. त्यात बादशहा त्या जवळजवळ विवस्त्र संन्याशासमोर बसला आहे आणि लवाजमा खाली ताटकळत उभा आहे. जदरूप वेदान्तात पारंगत असल्याचे जहांगीरने आत्मचरित्रात आदराने लिहिले आहे, आणि पुढे तो मथुरेला राहायला गेल्यावर १६१९ मध्ये बादशहा त्याला तिथेही जाऊन भेटला.