एकटीला उचलता येईल एवढंच

१२ जानेवारी

आज मैदानात जाऊन मोटारसायकल मुद्दाम आडवी पाडली. पेट्रोल निम्मं, पेट्या रिकाम्या, जमीन कोरडी. रस्त्यावर याहून सोपी परिस्थिती कधी मिळायची नाही. उचलायची रीत माहीत होती. इंजिन बंद करून गिअर टाकायचा, गाडीकडे पाठ करून बसायचं, एका हाताने हँडलचं टोक आणि दुसऱ्याने मागची कॅरिअरची नळी धरायची. मग कंबर सीटला टेकवून, पाठ ताठ ठेवून, मांड्यांच्या जोरावर लहान लहान पावलं टाकत मागे रेटायचं. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे कोसळते.

पहिल्यांदा उठली. दुसऱ्यांदाही उठली. तिसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत आली आणि हातातून सुटली. चौथ्यांदा हललीच नाही. २४० किलो.

मैदानात फेऱ्या मारणारे दोघे धावत आले, तिघांनी मिळून उभी केली. त्यांचे आभार मानले आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. तीन वर्षं मी एकटीने मोटारसायकलवरून मध्य आशियापर्यंत जायच्या या प्रवासाचा विचार करते आहे. रस्ते पाहिले, सामानाच्या याद्या केल्या, गाडीला काय काय जोडायचं ते ठरवलं. पण गाडी पडली आणि आसपास कोणी नसलं तर काय, हे आज पहिल्यांदा हातांना कळलं.

१९ जानेवारी

गाडी बदलायची. हे लिहिताना वाईट वाटतं आहे, कारण तिच्यावरून चाळीस हजार किलोमीटर केलेत आणि तिने एकदाही वाटेत सोडलं नाही. पण एवढ्या वजनाची गाडी मला एकटीला दिवसातून दोनदाच उचलता येते, आणि ती रेतीत दोनदाच पडेल असं कोणी सांगावं?

होंडाची सीआरएफ ३००एल पाहून आले. टाकी भरून १४२ किलो, म्हणजे जवळजवळ शंभर किलोंचा फरक. दुकानदाराच्या परवानगीने तीही आडवी करून उचलली. पाच वेळा. महामार्गावर ती मोठ्या गाडीसारखी आरामात धावणार नाही, समोरचा वारा छातीवर घ्यावा लागेल, सीटही अरुंद आहे. चालेल.

अ‍ॅन-फ्रान्स डोतव्हील ही फ्रेंच बाई १९७३ साली एकटीने मोटारसायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाली तेव्हा तिच्याकडे कावासाकीची १२५ सीसी गाडी होती. तिचं नाव मला खूप आधीपासून माहीत होतं. गाडीच्या आकड्याकडे मात्र आजच नीट पाहिलं.

२ फेब्रुवारी

रस्ता ठरला. गाडी जहाजाने इस्तंबूलला. तिथून काळ्या समुद्राच्या काठाने जॉर्जिया, कॉकेशस ओलांडून रशियाचा दक्षिण कोपरा, आस्त्राखानवरून कझाकस्तान, मग उझबेकिस्तान, ताजिकिस्तान आणि शेवटी किर्गिझस्तानातलं ओश. सात देश, सुमारे साडेसहा हजार किलोमीटर.

मनातला रस्ता वेगळा होता. जॉर्जियातल्या तिबिलिसीहून अझरबैजानातलं बाकू, आणि बाकूजवळच्या अलात बंदरातून मालवाहू बोटीने कॅस्पियन समुद्र ओलांडून कझाकस्तान. त्या बोटीला ठरलेलं वेळापत्रक नसतं, माल भरला की निघते, त्यामुळे लोक बंदरात दिवसेंदिवस तंबू ठोकून बसतात, असं वाचलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. पण अझरबैजानने मार्च २०२० मध्ये जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या आणि ती बंदी पुढे वर्षानुवर्षं वाढवत नेली. इराणमार्गे जायचं तर कार्ने लागतं. म्हणून उत्तरेची वाट.

कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्टच म्हणायचा. गाडी त्या देशात विकणार नाही, परत बाहेर नेणार, याची हमी देणारं पुस्तक. त्यासाठी गाडीच्या किमतीच्या प्रमाणात अनामत रक्कम किंवा बँकेची हमी द्यावी लागते. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: एक आत शिरताना फाडून घेतात, एक बाहेर पडताना, आणि शिक्के मारलेला तिसरा पुस्तकात राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का राहून गेला तर अनामत अडकते. माझ्या वाटेवरच्या सात देशांत ते लागत नाही. सीमेवरच तात्पुरत्या आयातीची नोंद करतात. तरी तो एक कागद सुटला म्हणजे सगळे सुटले असं होत नाही.

१५ फेब्रुवारी

आज दिवसभर कागद. तुर्कस्तानात गाडीची नोंद थेट माणसाच्या पासपोर्टवर होते, म्हणजे काहीही झालं तरी गाडी मागे ठेवून मला देशाबाहेर पडता येणार नाही. तुर्कस्तान ग्रीन कार्ड विम्याच्या, म्हणजे एकच वाहनविमा अनेक देशांत मानण्याच्या व्यवस्थेत आहे, जॉर्जियाचा विमा मात्र वेगळा घ्यायचा. रशिया, कझाकस्तान आणि किर्गिझस्तान एकाच सीमाशुल्क संघात आहेत, त्यामुळे रशियात शिरताना मिळालेला गाडीचा कागद कझाकस्तान सोडेपर्यंत जपायचा. आंतरराष्ट्रीय वाहन परवानासुद्धा दोन प्रकारचा असतो. १९४९ च्या करारातला एक वर्ष चालतो, १९६८ च्या करारातला तीन वर्षांपर्यंत, आणि कोणता देश कोणता मानतो ते पाहूनच तो काढायला हवा.

२०२२ पासून बाहेरच्या देशांतली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत. म्हणजे तिथले सगळे दिवस रोख रकमेवर, आणि ती रक्कम एका खिशात ठेवायची नाही. उझबेकिस्तानात ड्रोन नेता येत नाही. माझ्याकडे नाहीच, पण औषधांची पिशवी उघडून बसले, कारण कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्यांवरूनही तिथे अडवतात. दोन पाकिटं बाहेर काढली.

सगळ्यात जास्त वेळ विम्याने खाल्ला. बारीक अक्षरं वाचत गेले तर एका पॉलिसीत १२५ सीसीच्या वरची दुचाकी चालत नव्हती, दुसरीत ठराविक उंचीच्या पुढे संरक्षण संपत होतं. मला दोन्ही हवं आहे. डोंगरातून उचलून रुग्णालयात पोचवण्याचा खर्चही हवा. तिसऱ्या कंपनीला लेखी विचारलं आहे. उत्तर लेखीच हवं, फोनवरचं ‘हो हो, चालेल’ नको.

९ मार्च

पंक्चर.

या गाडीच्या टायरांत ट्यूब आहे. म्हणजे चाक काढा, टायरची कड रिमपासून सोडवा, ट्यूब बाहेर, ठिगळ, ट्यूब आत, कड परत बसवा. जुन्या गाडीला ट्यूबलेस होते, दहा मिनिटांत दोरी खुपसून हवा भरली की काम झालं. हे काम मी कधी केलंच नव्हतं.

किती तरी चित्रफिती पाहिल्या. कड सोडवण्याची त्यातली सगळ्यात सोपी युक्ती अशी: चाक जमिनीवर आडवं ठेवायचं आणि दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरवर टेकवून त्या गाडीचं वजन टाकायचं. कड फटकन सुटते. मी ती चित्रफीत दोनदा पाहिली आणि मग लक्षात आलं की माझ्याकडे दुसरी गाडी नसणार. असं सारखं होतंय. सल्ले चांगले असतात, देणाऱ्याने मनापासून दिलेले असतात, आणि त्यांत कुठेतरी दुसरा माणूस किंवा दुसरी गाडी दडून बसलेली असते. ‘एकाने धरायचं’, ‘मागून कोणीतरी ढकलायचं’. आता मी प्रत्येक सल्ला वाचताना आधी तो दुसरा माणूस शोधते.

शेवटी साबणाचं पाणी, तीन टायर लिव्हर (कड उचकटायच्या पट्ट्या) आणि बुटांच्या टाचा. पहिल्या वेळी दोन तास लागले आणि लिव्हरच्या टोकाने नवी ट्यूबच चिमटली गेली. दुसऱ्या वेळी दीड तास. आज चौथ्यांदा मागचं चाक पन्नास मिनिटांत झालं. समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरली तर लिव्हरला जोर लावावाच लागत नाही. हे कळायला चार खेपा लागल्या.

२२ मार्च

ऋतूचं गणित. कॉकेशस ओलांडणारा रस्ता २,३०० मीटरच्या वर चढतो, हिवाळ्यात बर्फ आणि हिमकडे कोसळून बंद पडतो. उझबेकिस्तानातल्या वाळवंटात जुलैमध्ये पारा चाळीसच्या पुढे असतो. ताजिकिस्तानातल्या पामीरच्या डोंगरांत जून ते सप्टेंबर हाच काळ. म्हणून मेच्या अखेरीस जॉर्जिया, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वाळवंट पार, आणि जूनच्या शेवटी डोंगर.

दिशासुद्धा उंचीवरूनच ठरली. ओशहून दक्षिणेला निघालं तर एक-दोन दिवसांत हजार मीटरच्या आतून चार हजारांवर जातो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. पश्चिमेकडून गेलं तर आधी ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे, मग खोरोग साधारण २,१०० मीटर, तिथून पांज नदीच्या काठाने वाखान खोरं, लंगर गाव सुमारे २,८०० मीटर, आणि मग वर मुरगाब. नदीच्या पलीकडच्या काठावर अफगाणिस्तान. सर्वांत उंच खिंड अक-बैताल, ४,६५५ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांपेक्षाही कमी. गाडीची ताकद त्याच प्रमाणात घटते. फ्युएल इंजेक्शनमुळे मिश्रण आपोआप सुधारतं, पण नसलेली हवा कुठून आणणार? माझ्या बाबतीतही तेच. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त चढवायची नाही, हा डॉक्टरांचा नियम. लंगरच्या पुढे तो तंतोतंत पाळता येत नाही, म्हणून तिथे दोन रात्री. डोकेदुखी वाढत गेली तर खाली उतरायचं. वर बसून गोळी घ्यायची नाही. हे मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, कारण उंचीवर आधी विचारशक्तीच मंद होते आणि एकटीला ‘तू बरी दिसत नाहीस’ असं म्हणणारं कोणी नसतं.

पेट्रोल: टाकी फक्त ७.८ लिटरची. लिटरला तीस किलोमीटर धरले तर २३४. कझाकस्तानातल्या बेइनेऊपासून उझबेकिस्तानातल्या कुंग्रादपर्यंत सुमारे चारशे किलोमीटर सपाट ओसाड माळ आहे, आणि उझबेकिस्तानात बऱ्याच गाड्या गॅसवर चालत असल्याने पंप दिसला तरी पेट्रोल असेलच असं नाही. सात लिटर जादा न्यायचं. पाच किलो वजन. तेवढ्यासाठी बॅगेतून खुर्ची, दुसरा कॅमेरा आणि जाड पुस्तक काढलं. पुस्तक काढताना जड गेलं.

५ एप्रिल

ताई आली होती. तिला सगळं दाखवलं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र दाखवलं, ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालतं, जिथे फोनला रेंज नाही तिथूनही ‘मी ठीक आहे’ एवढं पोचतं. काही देशांत ते परवानगीशिवाय बाळगता येत नाही, म्हणून सातही देशांचे नियम तपासते आहे. ती सगळं शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “आणि संदेश आला नाही तर?”

मी बॅटरी, ढग, दरी अशी कारणं सांगायला लागले. ती म्हणाली, “कारणं नकोत गं. मी किती वेळ थांबायचं ते सांग.”

तीन वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी माझ्या बाजूच्या सगळ्या अडचणी मोजल्या. घरात फोनकडे बघत बसलेल्या माणसाची बाजू एकदाही मोजली नाही.

आम्ही दोघींनी बसून कागद तयार केला. रोज संध्याकाळी एक संदेश. नाही आला तर चोवीस तास काहीही करायचं नाही. त्यानंतर आदल्या मुक्कामाच्या जागी फोन, मग विमा कंपनीचा आपत्कालीन क्रमांक, मग दूतावास. कोणाला काय सांगायचं तेही लिहिलं: गाडीचा रंग, क्रमांक, माझा रक्तगट, शेवटची जागा. आईला काय सांगायचं हा मुद्दा ताईने स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि मला वाचू दिला नाही.

२० एप्रिल

तीन दिवसांची रंगीत तालीम करून आले. सगळं सामान, पूर्ण भरलेली टाकी, दोन रात्री तंबूत. गाडी एकदा चिखलात पडली, उचलली. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे संदेश पाठवला नाही. ताईला माहीत होतं की एक दिवस मुद्दाम गप्प राहणार आहे, कोणता ते माहीत नव्हतं.

परतल्यावर तिच्याकडे गेले. कागद फ्रीजवर लावलेला होता. चोवीसवर काट मारून तिने शेजारी छत्तीस लिहिलं होतं.

“चोवीस तासांत मी तीनदा फोन उचलला होता,” ती म्हणाली. “उगाच कोणाला तरी डोंगरात पाठवलं असतं. छत्तीस ठेव.”

जेवायच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता, त्यावर पट्टी आणि पेन्सिल.

“या बेइनेऊ आणि कुंग्रादच्या मधे काय आहे?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? मी मोजलंय, चारशे किलोमीटर आहेत. नीट बघून सांग.”

खुर्ची ओढून बसले आणि आम्ही दोघी त्या रिकाम्या भागात गावं शोधायला लागलो.