लातुरात समुद्र

आज घरातल्या समुद्री माशांच्या काचेच्या टाकीत मीठ पडलं एकदाचं! ५०० लिटरची टाकी, म्हणजे नुसतं पाणीच अर्धा टन. काच, स्टँड, दगड वेगळे. म्हणून तळमजला.

बोअरचं पाणी चालत नाही. आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार पार काढलेलं पाणी लागतं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या गावानं पाहिलंय, तिथं आरओचं वाया जाणारं पाणी नालीत सोडायची माझी काय बिशाद! आईनं नळीखाली ड्रम लावलाय. फरशी, संडास, गाडी सगळं त्याच्यावरच निघतंय.

मीठ घरातलं नाही, समुद्री क्षारांचं तयार मिश्रण. १८-१९ किलो लागलं. पंप चालू ठेवून थोडं थोडं सोडलं. आधी पाणी पार दुधाळ, मग हळूहळू निवळलं. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून डोळा लावला, निळ्या-पांढऱ्याची रेघ बरोबर ३५ वर, समुद्राएवढीच. लई भारी वाटलं!

मासे एवढ्यात नाहीत. दगडांवर जीवाणू वाढून माशांना विषारी अमोनियाचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट व्हायला चार-सहा आठवडे सहज जातात. प्रवाळ त्याच्याही नंतर.

धास्ती आहे ती मे महिन्याची. टाकीला हवेत २५-२६ अंश, बाहेर पारा चाळिशीत, त्यात लाइटीचा भरवसा नाही. शिवाय पाणी उडतं, मीठ मागंच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. हे शेजारच्या काकांना काही केल्या पटेना.

आईचा प्रश्न वेगळाच, "निस्ते दगडं बघायला एवढा खर्च कामून केलास रे?"