खोली नंबर तीनचं भाडं

आमची नगरपरिषद 'क' वर्गाची. गाव तुळजापूरच्या वाटेवरचं, एवढं सांगितलं तरी पुरे. मी तिथं लेखापाल. अनुदान हा शब्द आमच्याकडं मागण्यासाठी वापरतात, द्यायची वेळ क्वचितच येते.

त्या बुधवारी स्थानिक निधी लेखापरीक्षेचं पथक बसलेलं होतं आणि सकाळीच अर्धसमास, म्हणजे लेखापरीक्षेच्या आक्षेपाचा कागद, हातात पडला. बंद पडलेल्या नगरपरिषद शाळेतली खोली क्रमांक तीन एका सांस्कृतिक संस्थेच्या वापरात, भाडे आकारणी नाही; महिना 600 रुपयांप्रमाणे नऊ वर्षांचे 64,800 रुपये वसूलपात्र.

संस्था म्हणजे आराध्यांचा, देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांचा, मेळा. एकोणीस बाया आणि एक संबळवाला. मंगळवार-शुक्रवार देवीचे, म्हणून सराव बुधवारी. एका निवृत्त गुरुजींनी खटपट करून या मेळ्याची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदणी करून घेतली होती. नगरपरिषदेनं त्यांना रोख एक पैसा कधी दिला नाही. दिली ती एक खोली.

ठराव झाल्याचं मला पुसटसं आठवत होतं. दुपारचं जेवण सोडून अभिलेख कक्षात इतिवृत्तं उपसली. वाळवीनं कडा खाल्लेल्या एका रजिस्टरमध्ये विषय क्रमांक अकरा सापडला: खोली विनाभाडे द्यावी, वीजबिल संस्थेनं भरावं, मुदत तीन वर्षं. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. मुदत संपून सहा वर्षं झाली होती. नूतनीकरणाची टिपणी ठेवायची होती कार्यालयानं, म्हणजे आम्हीच. 21,600 कमी झाले, 43,200 डोक्यावर राहिले.

संध्याकाळी सांगायला गेलो. नोटीस शिपायाच्या हाती धाडता आली असती; धीर झाला नाही. भिंतीवर अजून बाराखडी, कोपऱ्यात मोडक्या बाकांची चळत आणि मधल्या मोकळ्या जागेत संबळ कडाडत होता. मेळ्याच्या म्होरक्या अक्कांनी हात वर केला तसा तो थांबला.

"पैसे मागायलेत व्हय आमाला?" अक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त लागलं. मग त्यांनी परडीशेजारच्या पत्र्याच्या पेटीतून दोनशेपानी वही काढली. बारावी झालेली त्यांची नात प्रत्येक कार्यक्रम त्यात लिहायची. पल्स पोलिओची फेरी, मतदार जागृती, सतरा सप्टेंबरचं ध्वजारोहण, ओल्या-सुक्या कचऱ्याचं भारूड. सहा वर्षांत नगरपरिषदेसाठी एकेचाळीस कार्यक्रम. शेवटचा रकाना 'मिळाले' असा होता. त्यात चहा. चहा, पोहे. काही नाही. एका ठिकाणी शाल, एक. एकोणीस बायांत ती एक शाल कशी वाटली असेल, हे विचारायचं मी टाळलं.

रात्री घरी बसून आकडे मांडले. त्याच वर्षी स्वच्छतेच्या प्रचारासाठी बाहेरगावच्या कलापथकाला आम्ही कार्यक्रमामागं 3,000 रुपये दिले होते; देयक माझ्याच सहीचं. त्या दरानं एकेचाळीसचे 1,23,000 झाले. त्यातून भाडं वजा केलं तरी नगरपरिषदच 79,800 रुपयांनी देणेकरी निघत होती.

सकाळी तो कागद मोठ्या ऐटीत लेखापरीक्षकांसमोर ठेवला. त्यांनी शांतपणे वाचला. "कार्यादेश आहेत का? कार्यक्रम करा असे लेखी आदेश?"

"नाहीत."

"मग देणं कसलं? तुमची भावना समजते हो. लेखाशीर्ष सांगा, खर्च कुठल्या तरतुदीत टाकायचा ते."

ते चुकत नव्हते. नांदेड जिल्हा परिषद माळेगावच्या खंडोबा यात्रेत लावणी महोत्सव भरवते. तिथं मंजुरी आहे, तरतूद आहे. आमच्याकडं होती फक्त खोलीची किल्ली. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांना 18 विषय दिलेत, त्यातला तेरावा सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन देण्याचा. विभागीय परीक्षेसाठी ही यादी मी घोकून पाठ केली होती. विषय मिळाला की पैसा आपोआप येतो, असं मात्र तिथं कुठं लिहिलेलं नाही.

वाट लेखापरीक्षकांनीच सुचवली. सहा वर्षांच्या वापराला कार्योत्तर, म्हणजे मागाहून, मंजुरी घ्या, पुढचा रीतसर करार करा, आक्षेपाचं अनुपालन पाठवा. तेव्हा नगरपरिषदेवर प्रशासक होते, त्यामुळं सभेची वाट बघायची नव्हती. मी खूश झालो. तेवढ्यात ते म्हणाले, "करारावर संस्थेकडून सही कोण करणार? परिशिष्ट एक मागवा."

परिशिष्ट एक म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा उतारा. त्यावर अध्यक्ष म्हणून गुरुजींचं नाव. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. विश्वस्तांत बदल झाला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, हे त्या बायांना कुणी सांगितलंच नव्हतं. गुरुजी होते तोवर कागदाचं सगळं तेच बघायचे. गावोगावच्या अशा मंडळांची गत हीच: कला पंचवीस जणांना येते, कागद एकालाच कळतो.

पुढचे तीन रविवार मी आणि अक्कांची नात त्या अर्जामागं होतो. गुरुजींच्या मृत्यूचा दाखला, सभेचा ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, उशीर माफ व्हावा म्हणून वेगळा अर्ज. अक्कांना सही येत नव्हती. नातीनं शिकवली, सरावाच्या वहीची मागची चार पानं त्यातच गेली.

कार्योत्तर मंजुरी मिळाली. बदल अर्जाचा निकाल यायचाय, त्यामुळं करार आणि आक्षेप दोन्ही लटकलेलेच. किल्ली अक्कांकडंच आहे.

मधे स्वच्छता विभागाचं पत्र टेबलावर आलं: येत्या मोहिमेत मेळ्याचा कार्यक्रम ठेवावा, संस्थेस तोंडी कळवण्यात येत आहे. मी शेरा मारला, 'दर नमूद करून व कार्यादेशासह फेर सादर.' स्वच्छता निरीक्षक तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत.