चार हजार तास
आज अमळनेरकडच्या एका आजींची मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तयारी करत होते. बायोमेट्री, म्हणजे आत बसवायच्या लेन्ससाठी डोळ्याचं मोजमाप, दोनदा घेतली, कारण डोळ्याच्या लांबीत १ मिलिमीटर चूक झाली की लेन्सचा नंबर अडीच-तीन डायऑप्टरने (नंबर मोजायचं एकक) हुकतो. मग बाहुली मोठी करायचे थेंब, जंतू मारायला ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन, आणि कुठला डोळा ते पुन्हा पुन्हा विचारणं. आजी वैतागल्या, "कितलादाव इचारशी वं माय, डावाच शे!"

हे सगळं मी ऑपरेशन थिएटरमध्ये सीनियर सिस्टरांच्या मागे उभी राहून शिकले. जेवणाच्या सुट्टीत वाचलं, अमेरिकेत डोळ्यांच्या नर्सला सीआरएनओ नावाचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं. परीक्षेला बसायलाच नेत्रसेवेतला ४,००० तासांचा अनुभव लागतो. आमच्या जळगाव-धुळ्यातल्या कितीतरी सिस्टरांचे तेवढे तास कधीच भरलेत, फक्त मोजले कुणी नाहीत. (आणि उद्या बदली झाली की थेट प्रसूती वॉर्डात!)

जिल्ह्यात असं परीक्षा केंद्र निघालं तर पहिला फॉर्म माझा. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "पगार वाढेल का?" वाढायलाच पाहिजे की!