आंब्याआधी त्याची नोंद अमेरिकेत उतरते

न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानांत हापूसची पेटी लागली की रत्नागिरी-देवगडहून पहिला प्रश्न येतो, "तिकडे दर काय?" दर नंतर. फळ विमानातून उतरायच्या आधी त्याची माहिती अमेरिकेतल्या संगणकांत उतरलेली असते. त्या माहितीचा मेळ बसला नाही, तर आंबा कितीही देखणा असो, विमानतळाच्या गोदामातून हलत नाही.

मे २०२५ मध्ये तसंच झालं. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा विमानतळांवर मिळून आंब्याच्या १५ खेपा अडल्या. कारण कीड नव्हतं. विकिरण, म्हणजे किडीच्या बंदोबस्तासाठी फळावर सोडलेले किरण, झाल्याची नोंद अमेरिकी कृषी खात्याच्या ज्या पीपीक्यू-२०३ अर्जावर असते, त्यात गफलत निघाली. माल परत न्या किंवा नष्ट करा, असं सांगण्यात आलं. परत नेण्याचं भाडं आणि आंब्याचं आयुष्य, दोन्ही परवडणारं नव्हतं. निर्यातदारांनी माल नष्ट केला. वर्षभर राखलेली कलमं डोळ्यांसमोर आणली की याचं फार वाईट वाटतं.

ही माहितीची साखळी बागेतच सुरू होते. निर्यातीची बाग अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या मँगोनेट या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवतात, आणि कोकणात पहिली अडचण तिथेच येते. सातबारा सामायिक, त्यावर सात-आठ नावं, निम्मी मुंबईला. कलमं दिलेली दुसऱ्याला कराराने आणि फवारणी करतो तो तिसराच. नोंद एकाच्या नावाने आणि फवारणीची वही दुसऱ्याच्या घरी असली, की औषधाचा अंश सापडल्यावर मागचा माग लागत नाही. म्हणून करारातच लिहून घ्या: औषधाचं नाव, मात्रा, तारीख आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबलो, हे कोण लिहिणार आणि वही कुणाकडे राहणार.

फळं निवडून पेट्या भरतात त्या पॅकहाऊसमध्ये हिशेब बदलतो. आपण डझनात मोजतो, संगणक किलोत. निव्वळ वजनाच्या रकान्यात पुठ्ठ्यासकट वजन गेलं, की बिल, पॅकिंग लिस्ट आणि एअरवे बिल (विमानाने पाठवलेल्या मालाची पावती) एकमेकांशी जुळत नाहीत. त्यापुढे विकिरण: अमेरिकेसाठी कमीत कमी ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा लागते आणि तिथल्या नियमाने ताज्या फळाला १,००० ग्रेच्या वर जाता येत नाही. मात्रा मोजली जाते, तिची नोंद लॉटच्या, म्हणजे मालाच्या तुकडीच्या, क्रमांकाशी बांधली जाते आणि तोच क्रमांक पेटीवर असावा लागतो. दोन लॉटच्या पेट्या एका थप्पीत मिसळल्या, तर मात्रा बरोबर असूनही ती सिद्ध करता येत नाही. विमानाने येणाऱ्या खाद्यपदार्थाची आगाऊ सूचना एफडीएला (अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन) माल पोहोचण्याच्या किमान ४ तास आधी मिळावी लागते, तीही पाठवणाऱ्याच्या नावापत्त्यासकट.

संगणक काय पकडतो आणि काय सोडतो, हे नीट समजून घ्या. एअरवे बिलाचा क्रमांक ११ अंकी असतो: पहिले ३ विमान कंपनीचे, मग ७ अंकांचा अनुक्रम, शेवटचा पडताळणीचा. त्या ७ अंकांना ७ ने भागून उरेल ती बाकी म्हणजे शेवटचा अंक. १२३४५६७ ला ७ ने भागलं की बाकी ५, म्हणून १२३४५६७५. टाइप करताना एक अंक चुकला की बहुतेक वेळा लगेच कळतं. तारखेला मात्र असा पहारेकरी नाही. ०५/०४ म्हणजे आपल्याकडे ५ एप्रिल, अमेरिकेत ४ मे, आणि दोन्ही हापूसच्याच हंगामात! संगणकाला त्यात काहीच वावगं दिसत नाही. महिना नेहमी अक्षरी लिहा किंवा २०२५-०४-०५ असा क्रम ठेवा. नावाचंही तेच: सातबारा, पॅन, बँक खातं आणि निर्यातीचे कागद, सगळीकडे इंग्रजी स्पेलिंग एकच हवं.

आणि लेबल. नुसत्या उष्णतेवर छापणारा कागद वैशाखातल्या बंद टेम्पोत काळा पडतो, बारकोड वाचता येत नाही आणि हाताने आकडे भरताना नवी चूक शिरते. शाईची रिबन लावून छापणारा प्रिंटर घ्या आणि लेबल पेटीच्या झाकणावर नको, बाजूला चिकटवा, म्हणजे थप्पी न उतरवता वाचता येईल.